सहाव्या वर्षाची दाढ



मुलाचा पहिला दुधाचा दात पडतो तो दिवस घरोघर ध्यानात राहतो. आजी तो दात कौलावर टाकावयास सांगते, कोठे तो तुळशीच्या मुळाशी पुरला जातो, आणि ते मूल दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन आपल्या तोंडातील खिडकी सर्वांना दाखवीत हिंडते. याच सुमारास त्याच्या तोंडात दुसरी एक घटना घडत असते. तिची वार्ता मात्र कोणासच नसते. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, हिरडी फोडून, एक नवी दाढ वर येत असते. तिच्यासाठी कोणताही दात पडलेला नसतो, म्हणून ती आल्याचे आईच्या लक्षात येत नाही. आणि आलेच, तर तीही दुधाचीच समजली जाते. वस्तुतः ती कायमची असते. सहाव्या-सातव्या वर्षी येणाऱ्या अशा चार दाढांवर त्या मुलाने पुढे साठ-सत्तर वर्षे भाकरी चावावयाची असते. पडलेल्या दातास निरोप देण्याची रीत समाजात आहे. आलेल्या दाढेचे स्वागत करण्याची नाही.

ही दाढ ज्या वर्षी येते त्याच वर्षी मूल पहिलीत दाखल होते, ही गोष्ट शिक्षकाने मनावर घेण्याजोगी आहे. दात घासणे हे घरचे काम, शाळेने त्यात का पडावे, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. आणि ज्यांच्या टेबलावर आधीच नोंदवह्यांची चळत आहे त्यांनी तो विचारावा यात नवल नाही. त्याचे उत्तर या दाढेतच आहे. घरास तिची खबर नसते. डॉक्टरांकडे मूल जाते ते दुखू लागल्यावर. त्या सबंध वर्षात रोज मुलासमोर उभे राहणारे, मुलांच्या वाढीचे शिक्षण घेतलेले माणूस एकच असते, आणि ते म्हणजे पहिलीच्या वर्गाचे शिक्षक किंवा शिक्षिका. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये देशभर जी पाहणी केली, तीत बारा वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले होते. बाराव्या वर्षी जी दाढ किडलेली दिसते ती बहुधा हीच असते, आणि तिचा ऱ्हास पुष्कळदा दुसरी-तिसरीच्या वर्गातच सुरू झालेला असतो.

ही दाढ ओळखावयास डॉक्टर लागत नाही. तोंडाच्या मधल्या रेषेपासून एका बाजूस मोजीत गेले असता दुधाचे दात पाच भरतात: दोन पटाशीचे, एक सुळा आणि दोन दाढा. सहावा दात लागला की तीच ती दाढ. सहाव्या वर्षी, सहाव्या जागी, असे मुलांना सांगितले की ते विसरत नाहीत. पहिलीतील मुलास पाचापर्यंत मोजता येते आणि सहा हा अंक तो नव्याने शिकत असतो. त्याला आपल्याच जिभेच्या टोकाने तोंडातले दात मोजावयास लावले तर अंकगणिताचा आणि आरोग्याचा पाठ एकदमच होतो. एक लहान आरसा वर्गात असला म्हणजे झाले. तिसरी-चौथीत पाच चोक वीस आणि आठ चोक बत्तीस हे पाढे याच तोंडात सापडतात. ज्या दिवशी एखाद्या मुलीस सहावी दाढ लागली, त्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात तिचे नाव लिहावे. हे स्वागत शाळेने करावे, म्हणजे पुढे घरही करील.

आता ही दाढच इतकी का बिघडते, ते पाहावे. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात आणि त्यांत अन्नाचा चिकटा बसतो. शिवाय ती पुरी वर येण्यास कित्येक महिने लागतात. तोवर ती शेजारच्या दाढेपेक्षा बुटकी असते. मूल ब्रश पुढे-मागे फिरवते तेव्हा तो उंच दाढेवरून जातो आणि बुटकीला स्पर्शही न करता परततो. मूल प्रामाणिकपणे घासते, आई प्रामाणिकपणे पाहते, आणि दाढ मात्र मळकीच राहते. उपाय सोपा आहे. ब्रश ओठांच्या कोपऱ्यातून आडवा आत घालून त्या एका दाढेवर स्वतंत्रपणे फिरवावा. चार दाढा, चार वेळा. एवढे एक वळण हाताला लागले तर बाकीच्या उपदेशातील पुष्कळसा भाग न सांगितला तरी चालेल.

येथे मराठी भाषेतील एका शब्दाविषयी बोलणे प्राप्त आहे. दाताला ‘कीड’ लागते असे सर्वत्र म्हटले जाते, आणि मुले शब्द शब्दशः घेतात. भातावर पडणारी, वांग्यात शिरणारी कीड त्यांनी पाहिलेली असते. तशीच एक अळी दातात शिरते असे त्यांना वाटते. मोठ्या माणसांपैकीही अनेकांना तसेच वाटते, म्हणून तर रिंगणीच्या बियांचा धूर देऊन ‘कीड पाडून’ देणारे लोक गावोगाव हिंडत आले. प्रत्यक्षात दातात अळी नसते. दातावर जमणाऱ्या मऊ चिकट थरात डोळ्यांस न दिसणारे जंतू असतात. गोड किंवा पिठूळ पदार्थ तोंडात आला की ते त्याचे आम्ल करतात, आणि ते आम्ल दाताचे कठीण कवच विरघळवू लागते. लाळ हळूहळू हे आम्ल निवविते आणि झालेली झीज काही अंशी भरूनही काढते. परंतु त्यास अर्धा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. तेवढ्यात पुन्हा गोळी चघळली तर पुन्हा तेच चक्र. म्हणून किती गोड खाल्ले यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ले, याचा हिशेब दाताच्या बाबतीत अधिक महत्त्वाचा ठरतो. वर्गात हा प्रयोग खडूवर करून दाखविता येतो: लिंबाच्या रसात खडूचा तुकडा टाकला की तो फसफसत झिजतो. मात्र काही खडू निराळ्या द्रव्याचे असतात व त्यांवर रसाचा परिणाम दिसत नाही. तेव्हा आदल्या दिवशी तपासून घ्यावे, अथवा खडूऐवजी अंड्याचे कवच घ्यावे.

वसईची सुकेळी सर्वांच्या आवडीची. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून केलेला हा पदार्थ पौष्टिक आहे, आणि त्यावर बंदी घालण्याचे पाप कोणी करू नये. पण ती चिकट असते हेही खरे. जेवणाबरोबर खावी आणि वर पाणी प्यावे. चिंतेचे कारण शाळेच्या फाटकाबाहेर मिळणाऱ्या रुपया-दोन रुपयांच्या गोळ्या आणि दिवसभर चहात बुडविली जाणारी बिस्किटे, हे आहे.

दात केव्हा घासावेत, या प्रश्नाकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. सकाळी उठल्याबरोबर तोंड धुतल्याशिवाय चहा नाही, हा दंडक या भागातील बहुतेक घरांत आहे आणि तो चांगला आहे. परंतु दाताच्या दृष्टीने मोलाची वेळ रात्रीची, निजण्यापूर्वीची. झोपेत लाळ फार कमी सुटते. रात्रीच्या जेवणाचा चिकटा दातावर तसाच राहिला तर जंतूंना सात-आठ तास मोकळे रान मिळते. सकाळी आपण घासतो ते झालेल्या नासाडीनंतर.

वसई तालुक्यात रात्रीच्या या वेळेला आणखी एक कारण आहे, आणि ते पुस्तकांत सापडत नाही. पश्चिम पट्ट्यातील बागायतदार घरांतून भाजी आणि फुले घेऊन पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजाराकडे जाणारी माणसे असतात. अर्नाळा, पाचूबंदर, नायगाव येथील कोळी घरांतील स्त्रिया मासळीच्या पाट्या घेऊन भल्या सकाळी बाहेर पडतात. नालासोपारा-विरारच्या चाळींतून आई-वडील दोघेही गर्दीच्या आधीची लोकल गाठतात. पूर्वेकडे पारोळ, शिरवली, सकवारच्या पाड्यांतून मजुरीला जाणारे दिवस उगवण्याच्या आतच निघतात. अशा घरांत सकाळी मुलाचे दात कोण पाहणार? मोठी बहीण, तीही शाळेच्या घाईत. आई मुलाजवळ बसते ती रात्री. आणि सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलाला एकट्याने नीट दात घासता येत नाहीत, हे तर निश्चित आहे. ज्या हाताला अजून ‘क्ष’ वळणदार काढता येत नाही, त्या हाताला दाढेमागचा कोपरा कसा साधावा? तेव्हा मुलाने आधी घासावे आणि मोठ्या माणसाने त्यावर एकदा हात फिरवावा, अशी रीत पाडावयाची तर ती रात्रीच पडेल.

परिपाठाच्या वेळी नखे, केस आणि दात तपासण्याची प्रथा अनेक शाळांत आहे. तिचा हेतू चांगला असला तरी दातांपुरती ती फारशी उपयोगाची नाही, असेच म्हणावे लागते. ओळीने ‘ई’ करून उभ्या राहिलेल्या मुलांचे दिसतात ते पुढचे सहा-आठ दात, आणि शाळेच्या नळावर बोटाने घाईघाईने चोळले तरी ते चकाकतात. ज्या दाढेची काळजी करावयाची ती अंधारातच राहते. शिवाय ज्या मुलाचे दात आधीच काळवंडले आहेत ते चारचौघांत तोंड उघडावयाचे बंद करते. पुढे वाचनाच्या तासालाही ते ओठ मिटून पुटपुटते, आणि शिक्षक त्याच्या उच्चाराला दोष देत राहतात. ‘दात घासलेस का?’ हा प्रश्नही वाया जातो. त्याचे उत्तर सर्व मुले ‘हो’ असेच देतात. त्याऐवजी एकदोन मुलांना जवळ बोलावून, हळूच, ‘काल रात्री तुझ्या दाढेवरून ब्रश कोणी फिरवला?’ असे विचारावे. उत्तरात आईचे, आजोबांचे, ताईचे नाव आले पाहिजे. नाव आले नाही तर मूल त्या रात्री घरी जाऊन विचारते, ‘बाई विचारतात, माझ्या दाढेवरून ब्रश कोण फिरवणार?’ पालकसभेतील अर्ध्या तासाच्या भाषणाने जे होत नाही ते या एका प्रश्नाने होते.

सवय सांगून लागत नाही. ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि सोबत यांनी लागते. ज्या देशांनी हे ओळखले त्यांनी ब्रश शाळेतच आणला. स्कॉटलंडमध्ये पहिलीच्या वयाच्या मुलांपैकी २००३ मध्ये केवळ ४५ टक्के मुलांच्या दातांत कीड दिसत नव्हती. त्यानंतर तेथे ‘चाइल्डस्माइल’ या नावाने बालवाड्यांतून, आणि गरीब वस्त्यांतील पहिली-दुसरीच्या वर्गांतून, शिक्षकांच्या देखरेखीखाली रोज दात घासण्याची योजना सर्वत्र नेण्यात आली. २०२० पर्यंत हेच प्रमाण सत्तर टक्क्यांच्या पुढे गेले. सारेच श्रेय ब्रशला देता येणार नाही, पण मोठा वाटा त्याचा आहे. फिलिपाइन्समध्ये परिस्थिती आपल्याशी अधिक मिळतीजुळती. तेथील ‘फिट फॉर स्कूल’ योजनेत सरकारी शाळांतील मुले रांगेने हात धुतात आणि त्याच रांगेत दात घासतात. त्यांच्या शाळांतही वर्ग भरगच्च आणि नळ थोडे.

येथे शालेय पोषण आहारामुळे अर्धे काम आधीच झालेले आहे. रोज ठरल्या वेळी सर्व मुले हात धुण्यास पाण्यापाशी येतात. जेवणानंतरची पाच मिनिटे पहिली-दुसरीच्या वर्गांना दिली की पुरे. प्रत्येकाचा ब्रश वेगळा, त्यावर नाव. नाव वाचता येत नसेल तर रंगीत दोरा. ब्रश मोकळ्या हवेत, डोकी वर करून आणि एकमेकांस न लागतील असे उभे ठेवावेत. ओले ब्रश डब्यात बंद केले तर त्यांवर बुरशी येते. टूथपेस्टची नळी मुलांच्या ब्रशना टेकवू नये. ताटाच्या कडेवर वाटाण्याएवढे ठिपके अंतराअंतराने ठेवावेत, आणि प्रत्येकाने आपला ठिपका आपल्या ब्रशने उचलावा. वाटाण्याहून अधिक नको, कारण लहान मुले थोडी पेस्ट गिळतातच. पेस्ट फ्लोराइडची असावी. फ्लोराइड हे द्रव्य दाताच्या झिजलेल्या कवचाची भर होण्यास साहाय्य करते, आणि दात राखण्यात त्याचा वाटा घासण्याइतकाच आहे. त्याचे प्रमाण नळीवर छापलेले असते. हजार पीपीएमच्या आसपास असेल ती पेस्ट योग्य. घासण्यास दोन मिनिटे लागतात. अर्ध्या मुलांनी घासावे आणि अर्ध्यांनी सावकाश पाढे म्हणावेत. किती पाढ्यांना दोन मिनिटे होतात ते एकदा घड्याळ लावून ठरवून घ्यावे.

यानंतरची सूचना काहींना खटकेल. घासून झाल्यावर थुंकावे, परंतु खळखळून चूळ भरू नये. चूळ भरण्याची आपली जुनी रीत उत्तम आहे, ती जेवणानंतरसाठी. ब्रश केल्यावर चूळ भरली तर दातावर राहावयाचे फ्लोराइड पाण्याबरोबर निघून जाते. मार्च-एप्रिलमध्ये ज्या पाड्यांवर हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते, तेथील शिक्षकास ही सूचना सोयीचीच वाटेल: ब्रश ओला करण्यापुरते पाणी पुरते.

ब्रश नाही तेथे काय? कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी चावून दात घासणारे पुष्कळ आहेत, आणि काहीच न करण्यापेक्षा ते केव्हाही बरे. मात्र काडीने समोरचे दात स्वच्छ होतात. मागच्या दाढेच्या खाचांपर्यंत लहान मुलाची काडी पोहोचत नाही, आणि तीत फ्लोराइड नसते. राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी यांनी दात पांढरे दिसतात ते त्यांचे कवच खरवडले गेल्यामुळे.

मिसरीचा विचार मात्र निराळा केला पाहिजे. तंबाखू भाजून केलेली ही पूड दात घासण्याचे साधन म्हणून महाराष्ट्राच्या अनेक घरांत शिरली आणि व्यसन होऊन राहिली. केंद्र सरकारने १९९२ मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजन यांत तंबाखू घालण्यास बंदी केली. परंतु घरच्या तव्यावर भाजलेल्या मिसरीला ती बंदी कशी पोहोचणार? आजी ती बोटावर घेऊन ओटीवर बसते, नातवंड शेजारी बसते, आणि ‘दात दुखतो का? लाव थोडी’ असे म्हणून प्रेमानेच ती त्याच्या हिरडीवर फिरविते. वेदना घटकाभर बधिर होते, दाढ किडतच राहते, आणि सात वर्षांच्या मुलास तंबाखूची तलफ लागावयास सुरुवात होते. तोंडाच्या कर्करोगाचे एक मूळ या तंबाखूत आहे. शिक्षकाने येथे आजीचा उपमर्द करू नये. मुलासमोर आजीला चुकीचे ठरविले की मूल आजीच्या बाजूस जाते, आणि ते योग्यच आहे. दुखरी दाढ डॉक्टरांना दाखविण्याची वाट मोकळी करून देणे हे अधिक फळते. दुखणे थांबले म्हणजे मिसरीचे निमित्तही जाते.

ही वाट या जिल्ह्यातूनच निघाली आहे, हे थोड्यांना ठाऊक असेल. शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. पालघर त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. या कार्यक्रमात ज्या तीस विकारांसाठी मुले तपासली जातात त्यांत दातांचे विकार आहेत. वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते, आणि पुढील उपचार विनामूल्य मिळतात. पथक शेकडो मुले पाहते; त्यातील कोणत्या मुलाने गेल्या महिन्यात चार वेळा गाल धरून बसून काढले, कोण एकाच बाजूने चावते, कोणी पोषण आहारातील हरभरे बाजूला काढून ठेवले, हे पथकास कसे कळावे? ते वर्गशिक्षकास ठाऊक असते. वर्षभर अशी नावे एका कागदावर टिपून ठेवावीत आणि पथक आले की ती मुले प्रथम पुढे करावीत. सहावी दाढ नुकतीच आलेली, पण अद्याप निर्दोष असलेली मुलेही दाखवावीत. त्या दाढेच्या खाचा लेप लावून बुजविता येतात, आणि तसे केल्यास ती किडण्याचा संभव पुष्कळ कमी होतो. पथकाने दिलेली संदर्भ चिठ्ठी दप्तराच्या तळाशी चुरगळून पडते, हा सर्वांचा अनुभव आहे. ती पालकाच्या हाती द्यावी. आणि मजुरी बुडवून दवाखान्यात जाणे ज्यांना परवडत नाही त्या चार-पाच घरांची मुले एकाच दिवशी एका पालकाबरोबर पाठविता येतील काय, हा विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावा.

दुधाच्या दाढा पडणारच, मग त्यांचे इतके कोडकौतुक कशाला, असा आक्षेप हमखास येतो. त्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. पहिली ते पाचवीचे सारे शिक्षण मूल त्यांच्यावरच चावून खात घेते; त्या लवकर काढाव्या लागल्या तर मागची सहावी दाढ पुढे सरकते आणि नव्या दातास जागा उरत नाही.

एक अडचण राहते. दिवाळी सरली की पूर्व पट्ट्यातील कातकरी आणि वारली कुटुंबांपैकी कित्येक वीटभट्ट्यांवर जातात, आणि पहिली-दुसरीची मुले त्यांच्याबरोबर निघतात. जून ते ऑक्टोबर हाताला लागलेले वळण तेथे धुळीत मिळावयाचे. भट्टीवर रात्री दिवा असतोच असे नाही, पण आई जवळ असते. ही मुले निघण्यापूर्वी त्यांना शिक्षण हमी पत्रक दिले जाते. त्याच वेळी शाळेत टांगलेला त्यांचा नावाचा ब्रश, एक नवा ब्रश आणि एक नळी त्यांच्या दप्तरात घालावी, आणि सहावी दाढ कोणत्या बाजूची आली आहे व कोणती यावयाची आहे हे आईस मुलाच्या तोंडात बोट दाखवून सांगावे. मे महिन्यात मूल परतले की त्याचे वाचन जसे पाहावयाचे, तशी ती दाढही पाहावी.